उलटी गाठ

फटफटलं की बाबलीकाका पडवीत गोणपाटाची घडी टाकत आणि भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसत. डोळे अर्धवट उघडे, पाठ ताठ.

"बाबल्या, भिंतीर मासे दिसतत काय रे?" किनाऱ्याकडे निघालेला एखादा विचारी.

"तू गप ऱ्हवलंस तर दिसतले," काका मान न वळवता म्हणत.

हे बसणं त्यांनी जपानातून आणलं होतं. तरुणपणी ते बोटीवर खलाशी होते. बोट दुरुस्तीसाठी कोबेला अडकली, तेव्हा टेकडीवरच्या देवळातल्या एका भिक्षूने खाणाखुणा करून त्यांना श्वासावर बसायला शिकवलं. याला झेन म्हणतात, एवढंच त्यांना कळलं. मन उसळलं की ते बाजूला ठेवायचं, मग डोकं नीट चालतं, असा अर्थ त्यांचा त्यांनीच लावला. देवगडला परतून ते जाळी विणू लागले.

विमला त्यांची एकुलती मुलगी, डावखुरी. ती शेजारी बसून जाळं सांधी, पण तिची गाठ उलटी पडे.

"धरता मां, बाबानू?"

"धरता गो. पन आख्ख्या जाळ्यात एकच हात व्हयो."

ती शाळेत गेली की काका तिच्या गाठी कापून पुन्हा घालत.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे काका नेहमीसारखे भिंतीसमोर बसले. त्यांची बायको गंगूकाकी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"तुमका रडाकसुद्धा येना नाय?"

"रडान ती परत येतली काय गो?"

बोलणं चुकीचं नव्हतं. काकी आत वळली. जेवण वाढत राहिली, चहा देत राहिली. विमलाचं नाव मात्र त्या घरात पुन्हा निघालं नाही.

नायलॉनची जाळी आली, तेव्हा काकांनी माळ्यावरचं जुनं सुती जाळं कापायला काढलं. एका कोपऱ्यात त्यांची बोटं अडली. उलट्या गाठी. कापायच्या राहून गेलेल्या.

काका तिथेच रडू लागले. आणि त्यांना तो भिक्षू आठवला. देवळातला म्हातारा आचारी वारला त्या सकाळी तो असाच ताठ बसला होता, आणि आसवं हनुवटीवरून छातीवर गळत होती. त्याने ती पुसली नाहीत. जागचा उठलाही नाही. तेव्हा खलाशी बाबलीला वाटलं होतं, हा अजून कच्चा आहे.

तो तुकडा घेऊन ते चुलीपाशी गेले. काकीने गाठी चाचपल्या, ओळखल्या.

"आता?" ती म्हणाली. "तेवा माका एकटीक रडाक लावलास."

आणि ती पुन्हा चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी गोणपाट फिरवून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं. बसता बसता कधी डोळे भरले तर भरू देत. काकी आतबाहेर करी. शेजारी येऊन कधी बसली नाही.

काही वर्षांनी, एका दुपारी ती जेवायला हाक मारायला गेली, तेव्हा काका भिंतीला टेकून निजल्यासारखे गेलेले होते. सकाळी ती अंगणात धुण्याबरोबर तो उलट्या गाठींचा तुकडाही वाळत घालत असताना ते तिला एवढंच म्हणाले होते:

"गंगू, ता जाळा उन्हात घालू नको गो. सावलेक ऱ्हवांदे."