मऊ पडलेले तळहात

दिवाळीची सुट्टी संपवून कॉलेजची वल्हवणारी पोरं आज नदीवर परतली. त्यांच्या बोटी मी सांभाळतो. तळहात बघितल्याशिवाय मी वल्हं देत नाही. सगळ्यांचे घट्टे गेलेले.

"लाडू वळत बसलास काय रे?"

"खात बसलो, मामा!"

घट्टा पडायला महिने जातात, निघून जायला थोडा आराम पुरतो. सवयीच्या माणसांचं मात्र उलटं. ती चार दिवस दिसली नाहीत की जास्तच रुततात.

तेवढ्यात एका पोरीनं माझाच हात उलटा केला. "अहो मामा, तुमचेही मऊ पडलेत की!"

बोट एकट्यानं उचलवत नाही, म्हणून सुट्टीभर माझ्याही हातांना काम नव्हतं. तुमच्यावाचून माझं अडलं, हे कसं बोलायचं?

"तोंड बंद, बोट उचला," म्हणालो, आणि पहिला खांदा मीच लावला.