भाऊबीज आणि पेशींची पकड

माझ्या पत्नीने श्रावणात आपल्या यकृताचा मोठा भाग थोरल्या भावाला दिला. त्यांचे स्वतःचे यकृत पूर्ण निकामी झाले होते. शस्त्रक्रियेनंतर नीट शुद्धीवर आल्यावर त्यांनी काढलेला पहिला उद्गार असा : "दर भाऊबीजेला माझ्याकडून घेऊनच गेली. शेवटी एकदम फेडलं!"

यकृत कापले तरी उरलेला भाग वाढून पुन्हा पुरेसा होतो, हे आता बहुतेकांना माहीत असते. मला थोडे अधिक माहीत आहे. यकृताच्या पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, ह्याच विषयाच्या संशोधनात माझ्या नोकरीची वर्षे गेली. ह्या ज्ञानाचा घरात एवढाच उपयोग झाला की इतर नवरे नुसती काळजी करतात, ती मी सविस्तर केली. कर्वेनगरच्या आमच्या घरात मी तिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हतो. जिना उतरताना तिचे कोपर धरून ठेवत असे.

"अहो, टाके पोटावर आहेत," ती म्हणे, "कोपरावर नाहीत."

मी कोपर सोडत नसे. ह्यात तिची काळजी किती आणि माझी भीती किती, हे मी स्वतःला कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

रुग्णालयातून ती कर्वेनगरला आली आणि तिचे दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीला आपल्या घरी गेले. जंतुसंसर्गाच्या भीतीने दोघांची भेट झालीच नाही. दिवाळीच्या तोंडावर तपासणी झाली, तिचे यकृत छान भरून आले होते, आणि डॉक्टरांनी दोघांनाही भेटायची मोकळीक दिली. तिचे मागणे एकच होते : भाऊबीजेला दादाला प्रत्यक्ष पाहायचे.

"फोनवर त्याचं नुसतं कपाळ दिसतं. ते पिवळं आहे की बल्बचा उजेड पिवळा, काही कळत नाही. मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या."

मी नगर रस्त्याची वाहतूक सांगितली. खड्डे सांगितले. गाडीचा पट्टा नेमका जखमेवर कसा येतो, हे हाताने दाखवले. वाटेत कोणाची सर्दी तिला लागली आणि तिच्याकडून ती दादांना लागली तर, असेही म्हणालो. ती शांतपणे ऐकत होती. मग भाऊबीजेच्या सकाळी, ओवाळायचे ताट पुसता पुसता, तिने अगदी भोळेपणाने विचारले, "माझ्या पोटात आजवर नेमकं झालं काय, ते एकदा नीट सांगा ना."

इतका आदराने विचारलेला प्रश्न मला घरात सहसा मिळत नाही. मी खुर्ची पुढे ओढली.

"हे बघ, यकृताच्या पेशी शेजारणींना धरून बसलेल्या असतात. त्यांच्या अंगावर चिकटून राहण्यासाठीच काही रेणू असतात. काही शेजारणीला धरतात, काही खालच्या बैठकीला. यकृताला इजा झाली की ही पकड काही काळ सैल होते."

"बाई गं. म्हणजे सुटतात सगळ्या?"

"सुटून चालत नाही. बैठकीपासून पार तुटलेली पेशी मरते. पण घट्ट आवळलेली पेशी एकीच्या दोन व्हायला कचरते. म्हणून जरा सैल, मग वाढ, मग पुन्हा घट्ट. 'आता पुरे, थांबा' हा निरोपही बऱ्याच अंशी त्या पकडीतूनच मिळतो."

"आणि कधी सैल व्हायचं, हे कोण सांगतं?"

"अनेक संकेत असतात," मी म्हणालो, आणि प्रामाणिकपणे पुढे जोडले, "सगळं अजून कळलेलं नाही. संशोधन चालू आहे."

"चालू द्या," ती म्हणाली. "तोवर मी वाघोलीला जाऊन येते. येताय, की रिक्षा बोलावू?"

गाडी मीच चालवली. इतकी सावकाश, की एका टेम्पोवाल्याने शेजारी येऊन, काका, ढकलू का, असे विचारले. दादांच्या इमारतीखाली गाडी उभी केली, तिच्या बाजूचे दार उघडायला धावलो, आणि शिंकलो. मग आणखी एकदा. सकाळपासून नाक चुरचुरत होते. मी ते उदबत्तीच्या धुरावर ढकलले होते. तोंडावर मुखपट्टी असलेली माझी बायको माझ्याकडे पाहत राहिली.

"अहो, तुम्हीच का ते सर्दीवाले? खालीच थांबा. वर आलात तर दादाच्या आधी मी मरेन, लाजेने."

ताट घेऊन ती एकटीच लिफ्टकडे गेली. मी चार पावले मागे गेलो आणि थांबलो. तिचे कोपर नेहमीच्या जागी होते आणि त्याला माझी काहीही गरज दिसत नव्हती.

दादांनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची मांडून घेतली होती, मोकळ्या हवेत. खालून मला निरांजनाची ज्योत फिरताना दिसली. ओवाळून झाल्यावर तिने ताट बाजूला ठेवले, त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवला, खालची पापणी बोटाने ओढून डोळ्यांतला पांढरा भाग पाहिला. बराच वेळ पाहिला. मी शिंक दाबून धरली होती. ती तेवढ्यात सुटली.

"प्राध्यापक!" वरून दादांचा आवाज आला, खणखणीत. "रस्त्याकडे तोंड करा! मोठ्या मुश्किलीने उसनं मिळालंय हो!"

मी आज्ञाधारकपणे रस्त्याकडे वळलो. त्यामुळे पुढचे मला दिसले नाही, फक्त ऐकू आले. ती कठड्यावरून वाकून सांगत होती, "अहो, पांढरे आहेत! डोळे अगदी पांढरे आहेत त्याचे!" आणि मग, जिने गेले कित्येक आठवडे पोट दुखेल म्हणून हसणे टाळले होते, ती मोठ्याने हसली.