भट्टीचं पाणी

“आये, त्या टँकरपुढून बाजूला सर. ते पाणी आमच्या कंपनीचं हाये,” सोमनाथ फोनवर दबक्या आवाजात म्हणाला.

“ठावं हाये. आधी आमचे हंडे भरू दे,” करमाडच्या रस्त्यावरून साळूबाई बोलली.

“इथं भट्टीचं पाणी लई तापलंय.”

“मग फुंकर घाल त्याला.” तिच्यामागं बाया हसल्या.

दुष्काळाचं साल होतं. शेंद्र्याच्या कारखान्यात सोमनाथ गिअर तापवायची भट्टी सांभाळायचा. भट्टीचा पंखा गार ठेवणाऱ्या पाण्यात तापमान मोजणारी थर्मोकपलची तार सोडलेली होती, आणि ते तापमान नोंदी ठेवणाऱ्या डेटा लॉगरच्या पडद्यावर रेघ होऊन चढत होतं. साठ अंशांवर पंखा अडकणार, अन् मग सोमनाथची नोकरीबी जाणार. रेघ छप्पन्नावर होती.

साहेबाला सांगितलं असतं तर पोलीस धाडून टँकर सोडवला असता, अन् पहिली काठी साळूबाईला बसली असती. भट्टी विझवली तर आतला सगळा माल पुन्हा तापवावा लागणार. सत्तावन्न.

सोमनाथनं भट्टीचा खटका खाली ओढला. रेघ तरीबी चढली, अठ्ठावन्नावर घुटमळली, अन् मग हळूहळू उतरायला लागली. भट्टी कधी विझली हेही लॉगरनं टिपलं होतं. ते पुसायची सोय नव्हती.

“भरा,” तो फोनवर म्हणाला. “पण निम्मं तरी पाठव.”

“पाठवते की. येताना साबण आण.”

जिन्यावर साहेबाचे बूट वाजले. सोमनाथनं फोन खिशात टाकला अन् तो रेघेवर नजर ठेवून उभा राहिला.