दातवालीचे आरसे

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. तिला त्याचा राग नव्हता, कारण ते खरंच होतं. तिच्या मोटरसायकलला मागे एक पेटी बसवलेली होती आणि त्या पेटीत रोज दुसऱ्यांचे दात असत. दवाखान्यांतून प्लॅस्टरचे साचे घ्यायचे, कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये पोचवायचे आणि तयार कवळ्या ज्याच्या त्याच्या दवाखान्यात नेऊन द्यायच्या, हे तिचं काम. सकाळी ती गाडी बाहेर काढू लागली की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला न चुकता विचारायचा, "काय दातवाली, आज कुणाला हसवणार?"

"तुझी बत्तिशी पडली की सांग. तुला घरपोच आणून देईन," असं म्हणून ती निघायची. निघताना मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची. देवा, रस्ता तुझा, हॅण्डल माझं. एवढीच तिची पूजा.

हे काम मुळात तिच्या नवऱ्याचं. उंच, रुंद खांद्यांचा माणूस. तो बसला की गाडी लहान दिसायची. एका सकाळी न्हाणीतून बाहेर येता येता त्याच्या डाव्या अंगातला जोर गेला. औषधपाणी झालं, मालिश झालं. पाय थोडाफार वळणावर आला, काठी घेऊन घरात आणि अंगणात फिरण्याइतका. पण डाव्या हाताची मूठ काही आवळेना, आणि क्लच दाबायचा तो डाव्याच हाताने. शेवटी एके दिवशी ती स्वतःच लॅबमध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, गाडी मला येते. गाडी तिला त्यानेच शिकवली होती. लग्न नवं होतं तेव्हा, रिकाम्या मैदानात, हौस म्हणून.

गाडी तिच्याकडे आली, पण ती कायमची आली असं घरात कुणीच म्हणालं नाही. तो म्हणे, "मी बरा होईपर्यंत सांभाळ." ती म्हणे, "हो तर." सीट त्याची, पेटी त्याची, आरसेही त्यानेच लावलेले. बाकी सगळ्याशी तिचं जमलं, पण त्या आरशांनी तिचा जीव खाल्ला.

डावा आरसा होता त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती बसली की त्यात घरांची छपरं आणि विजेच्या तारा दिसत. रस्ता औषधालाही नाही. उजवा तर त्याने मुद्दामच आत वळवून ठेवला होता. कधीतरी खड्ड्यात पेटीचं झाकण उघडलं होतं आणि कुणाची तरी कवळी वाटेतच राहिली होती. तेव्हापासून चालता चालता पेटीवर नजर राहावी म्हणून त्याने तो तसा लावला. त्याला त्यातून पेटीबरोबर थोडा रस्ताही दिसे. अंगाने मोठा माणूस, जरा वाकला की भागायचं. तिला दिसायची ती निव्वळ पेटी, आणि काठाला स्वतःच्या बाहीची शिवण.

आता कुणीही म्हणेल, मग फिरवायचे की आरसे! हाताने फिरतात. तिनेही एकदा गल्ली ओलांडल्यावर फिरवून घेतले होते. संध्याकाळी येताना पूर्ववत करायला विसरली. नवरा दारातच बसला होता. त्याने आरशांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी आता गाडीवर बसणार नाही असं ठरलं तर," तो म्हणाला.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एका हाताने, जीव खाऊन, दोन्ही आरसे होते तसे केले आणि पाना लावून आवळले. तेव्हापासून तिने त्यांना हात लावला नाही. देवाची तसबीरसुद्धा पुसताना हलवावी लागते. हे आरसे तेवढेही हलले नाहीत. ती मान वळवून मागचं बघायची. जाता वळव, येता वळव. संध्याकाळी मान अशी धरायची की नवऱ्याने हाक मारली तर अख्खीच्या अख्खी वळून ओ द्यायला लागायचं.

आणि एका शुक्रवारी व्हायचं ते झालं. पुढची बस थांब्याच्या अलीकडेच गचकन थांबली. तिने मान वळवून मागे पाहिलं, मोकळं होतं. पुढे पाहिलं, गाडी उजवीकडे घेतली. एवढ्यात, मागचं बघून पुढचं बघेपर्यंतच्या वेळात, एक पांढरी मोटार शेजारी येऊन ठेपली होती. हॅण्डलला घासली. गाडी एकीकडे, ती दुसरीकडे, आणि पेटीचं झाकण उघडून सगळे जबडे रस्त्यावर.

"अरे, बाईचे दात पडले!" थांब्यावरचा एक जण ओरडला.

"एवढे सगळे?" दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला.

गुडघा सोलून निघाला होता, कोपराला आग होत होती, तरी तिने आधी साचे गोळा केले. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची नवी कवळी बसच्या मागच्या चाकाखाली गेली होती. मोटारवाला खाली उतरून म्हणाला, "अहो बाई, आरशात बघता की नाही?"

तिने कवळीचे तुकडे उचलून पेटीत टाकले. बघते हो, आरशात पेटी दिसते, असं सांगायचं कुणाला?

लॅबच्या मॅडम मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांना फुटलेली कवळी दिसत होती. "सोमवारपासून तुम्ही आत बसा," त्या म्हणाल्या. "पॉलिशच्या टेबलावर. फेरीला दुसरा माणूस बघते. तुमच्याच जिवासाठी सांगते."

आत बसायचं म्हणजे दिवसभर भिंतीकडे तोंड करून दुसऱ्यांच्या दातांवर मशीन फिरवायचं आणि त्यांची पूड नाकातोंडात घ्यायची. पण खरं दुखणं ते नव्हतं. तिला रस्ता आवडायचा. सकाळचा गार वारा, चौकातली ओळखीची तोंडं, दवाखान्यांच्या दारात 'आल्या का ताई' म्हणणाऱ्या नर्सबाया. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नवऱ्याच्या दुखण्याने आपलं भलं झालं, असं म्हटल्यासारखं झालं असतं.

रविवारी दीर आला. बातमी त्याला कुठून कळली कोण जाणे. वाईट बातमीला पत्ता सांगावा लागत नाही. ती मागे कपडे पिळत होती, पण भिंत पातळ होती आणि दिराचा आवाज जाड.

"दादा, झालं ते झालं. गाडी मी घेऊन जातो. तू बरा झालास की आणून देतो. वहिनींना आता पुरे झालं. ते बायकांचं काम नाही."

नवरा म्हणाला, "मी सांगितलं होतं तिला. मान वळवत जा म्हणून."

हातातला ओला शर्ट तसाच घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली.

"वळवली होती मान," ती म्हणाली. "मोटार अंगावर आली ती मान वळवण्याच्या नादातच. त्या वेळी आरशात काय होतं, ते विचारा ना."

"काय होतं?" दिराने विचारलं.

"पेटी. चला बाहेर, भाऊजी. बसा गाडीवर."

दीर बसला. तोही भावासारखाच धिप्पाड. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "छान दिसतंय की वहिनी सगळं! रस्ता दिसतोय, पेटी दिसतेय."

"तुम्हाला दिसणारच. त्यांचे खांदे आणि तुमचे खांदे एका साच्यातले. उतरा." मग ती बसली, पाय टेकवले, पाठ सरळ केली, रोज बसते तशी. "आता मला काय दिसतं ते ऐका. या बाजूला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसलेला कावळा. या बाजूला पेटी. पेटी मागून येऊन मला धडकणार आहे का?"

नवरा काठी टेकत दारापर्यंत आला होता. गाडी तिच्याकडे आल्यापासून त्याने तिला पुष्कळ विचारलं होतं, पेट्रोल भरलं का, साखळीला तेल घातलं का. तुला काय दिसतं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

ती उतरली आणि कोनाड्यातला पाना घेऊन आली.

"हात लावू नकोस," तो म्हणाला.

"लावणार."

"मी सांगतोय."

"ऐकलं मी. आजवर ऐकलंच. तुमची मूठ ज्या दिवशी आवळेल ना, त्या दिवशी मी स्वतः हे आरसे तुमच्या मापाने लावून देईन आणि मागच्या सीटवर बसेन. देवाकडे रोज तेच मागते. पण तोवर गाडीवर बसते कोण? मी. मग दिसायलाही मलाच हवं."

"आणि पेटी?"

"पेटीला कुलूप घालेन!"

दोन्ही नट गंजून बसले होते. तिने पाना लावला आणि त्याच्यावर सगळं अंग टाकलं. दीर पुढे झाला. "द्या, मी करतो."

"नको. तुम्ही मागे जा. अगदी फाटकापर्यंत. आणि मोटार व्हा."

"काय होऊ?"

"मोटार. पांढरी."

दीर भावाकडे बघत बघत फाटकाशी गेला. एक नट करकरला आणि सुटला, मग दुसरा. ती पुन्हा गाडीवर बसली. दोन्ही आरसे खाली आणले, मागचा रस्ता मधोमध येईपर्यंत. मग बाहेर वळवले, इतके, की स्वतःची बाही काठाला दोऱ्याएवढी उरली. "या," तिने हाक दिली. दीर उजव्या बाजूने चालत आला. आला, मोठा झाला, आणि पेटीच्या मागेच नाहीसा झाला. "गेलात! पुन्हा मागे जा." आरसा अजून थोडा बाहेर. दीर पुन्हा आला. या खेपेला तो पेटी ओलांडून पुढे येईपर्यंत दिसला. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय चाललंय हो? दीर ओशाळून म्हणाला, "काही नाही, मी मोटार आहे."

"मोटार अशी चालते का रे?" दारातून आवाज आला. नवरा. "वरातीत चालल्यासारखा काय येतोस? आणि एवढा लांबून का? बाजूला घसटून ये."

तो स्वतःच पायरी उतरला. काठी, पाय, काठी, पाय. मोटारीहून फारच हळू. तो मागून येताना तिला उजव्या आरशात पूर्ण दिसत होता, मग अर्धा, मग काठीच, मग काहीच नाही.

"आता?" त्याने विचारलं.

"नाही दिसत."

"समोर बघून, डोळ्याच्या कोपऱ्यातून?"

"तरी नाही."

"इथेच असतं ते." त्याने तिच्या कोपराच्या थोडं मागे काठी आपटली. "आरसे कसेही लाव, एवढी जागा राहतेच. इथे मान लागते."

"एवढ्याला हनुवटी खांद्याशी नेली की झालं. तुमच्या आरशांसाठी कमरेपासून वळत होते."

तो आरशाकडे बघत उभा राहिला. त्याच्या उंचीवरून त्यात आता त्याला फरशी दिसत असणार.

"आवळ मग," तो म्हणाला. "घट्ट आवळ. हलायला नको." आणि मागे न बघता घरात गेला.

तिने आवळले. हात काळे झाले, डोळे भरून आले, ते तिने बाहीला पुसले. दीर खाकरला. "मग वहिनी, गाडीचं काय?"

"चहा घेऊन जा, भाऊजी," ती म्हणाली. "गाडी नाही मिळणार."

सोमवारी ती नेहमीच्याच वेळेला लॅबमध्ये शिरली. पॉलिशच्या टेबलावर तिच्यासाठी एप्रन काढून ठेवला होता. तिने तो बाजूला सारून साच्यांचा ट्रे उचलला.

"अहो, मी काय सांगितलं होतं?" मॅडम म्हणाल्या.

"सांगितलंत. पण कुणी विचारलं नाही की पडलात कशामुळे. मोटारवाल्याने नाही, दिराने नाही, तुम्हीही नाही. आरसे चुकीचे होते. काल दुरुस्त केले. फुटलेल्या कवळीसाठी त्या आजोबांची माफी मी आज त्यांच्या दारात जाऊन मागणार आहे. आत बसून ती कशी मागू?"

"आणि पुन्हा पडलात तर?"

"तर तुमचा एप्रन मी मागून घेईन. न पडता नाही घालणार."

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण ट्रे काढून घेतला नाही, तेव्हा ती जिना उतरली. साचे नीट लावले, झाकण लावलं, कुलूप घातलं.

फाटकात एक मिशीवाला गाडी लावत होता. गाडी चकचकीत, पण आरसे दोन्ही काढून टाकलेले. नुसत्या भोकांत रबराची बुचं.

"ताई, दातांच्या फेरीला माणूस हवाय तो इथेच ना?"

"हवा होता," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली. "जागा भरली. आणि भाऊ, आधी आरसे लाव. तुझ्या मापाचे."