गोदाच्या माथी मारलेल्या बरण्या

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही. तुळजापुरात देवीपुढं हात जोडले तेव्हा ओठावर आलं होतं — पण तिथंही नातवंडांच्या परीक्षेचं मागून परत आले. वय झालं की माणूस खरं बोलायला लागतं म्हणे. कोण म्हणतं कुणास ठाऊक. मी तर म्हातारपणी खोटं बोलण्यात जास्तच तरबेज झाले. आज तुमच्याजवळ बोलते. का, ते विचारू नका. मलाही नीट सांगता यायचं नाही.

आधी त्या कुसुमची ओळख करून देते. कुसुम म्हणजे मीच, पण तिला ‘मी’ म्हणायला जीभ रेटत नाही. कळंब तालुक्यातलं आमचं खेडं. अंगानं काडी, तोरा मात्र पाटलिणीचा. सातवी पास होती ना! गल्लीत तेवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती, म्हणून मान अशी ताठ, की पायाखालचं शेण दिसायचं नाही. पाय भरायचा, तरी मान खाली जायची नाही.

तिच्या हातचं कैरीचं लोणचं मात्र चांगलं व्हायचं. पाहुणे बोटं चाटायचे. कुणीतरी सहज म्हणालं, विकत का नाही? झालं! बाईच्या डोक्यात कारखानाच उभा राहिला. कळंबच्या एका किराणा दुकानदाराला वाटीभर चव दाखवली, तो बरं म्हणाला, आणि ही ठसक्यात सांगून आली — पुढच्या बाजाराला माल हजर करते. कैऱ्या अजून झाडावर होत्या!

एकटीनं ते होणार होतं का? सोबतीला गोदा होती. गोदा माझी धाकटी नणंद, माकणीकडं दिलेली. नवरा दारू पिऊन मारायचा म्हणून माहेरी आलेली. आत्याबाई — म्हणजे माझ्या सासूबाई — रोज तिला परत धाडायचं काढायच्या आणि आमचे मालक रोज ते उद्यावर ढकलायचे. गोदाला एवढंच हवं होतं की आपल्या हातानं चार पैसे मिळवावेत, कुणाच्या डोळ्यात खुपू नये. लोणच्याचा धंदा चालला असता तर ती राहिली असती. हे मला ठाऊक होतं. नीट ठाऊक होतं. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून मला पळवाट नको.

कैऱ्या गोदानं फोडल्या. तळहाताला फोड आले, त्यात कैरीचा आंबट रस जायचा, तरी हसत होती. कधी नव्हे ती गुणगुणायचीसुद्धा. मसाला कुसुमचा. आणि बरण्या भरायच्या दिवशी आभाळ भरून आलं. बरण्या सकाळीच धुतलेल्या, ऊन कुठं लागलेलंच नाही.

“वहिनी, बरण्या ओल्या हायत अजून,” गोदा म्हणाली. “उद्या ऊन पडू द्या, मग भरू की.”

“मला शिकवतीस? तुझ्या हातचं तुझ्या नवऱ्यानं तरी गोड मानून खाल्लं का?”

असं बोलले मी. म्हणजे कुसुम बोलली — नाही, मीच. बघा, आले शेवटी वाटेवर. बाजार दुसऱ्या दिवशी होता आणि मी शब्द देऊन बसले होते. मी पदरानं बरण्या आतून पुसल्या आणि भरल्या. गोदानं ते बघितलं. मग तिनं बरण्यांच्या तोंडाला फडकी बांधली, कारण मी तिला ‘बांध’ म्हणाले.

पुढच्याच महिन्यात दुकानदाराकडून सगळा माल एसटीच्या टपावरून परत आला. फाट्यावर कंडक्टर ओरडला, “मावशी, लोणचं धाडलं होतं का कापूस?” सगळी गाडी हसली. फडकं सोडलं तर खरंच कापूस — पांढरी बुरशी, बोटभर वर आलेली, आणि असा वास की कुत्रंही लांबून गेलं. दुसऱ्या कुणाची फजिती असती तर मी पोट धरून हसले असते. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. माझी ती ताठ मान — कुठं ठेवू असं झालं.

आत्याबाईंनी अंगणात बरण्यांकडं बघितलं आणि विचारलं, “कोण शिवलं गं? बाहेरची कोण होती?”

तेव्हा आमच्याकडं लोणचं नासलं की पाण्याचं कुणी विचारायचं नाही, मिठाचं विचारायचं नाही. पाळीतल्या बाईचा हात लागला, एवढंच. आता इथपर्यंत आले आणि पाणी प्यावंसं वाटतंय. मी नुसती गप्प राहिले असते तर? तेही पापच, पण जरा हलकं. मी गप्प राहिले नाही.

“फडकी गोदानं बांधली होती,” मी म्हणाले. “तिचं तिलाच ठाऊक.”

एवढंच. पण ते पुरलं. गोदा अडचणीत असली की गोठ्याकडं बसायची, चुलीवर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. आणि ती वेळ तर बरण्या भरायच्या कितीतरी आधी होऊन गेली होती. एका घरातल्या बायकांना हे ठाऊक असतं. मला ठाऊक होतं.

गोदानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल — वहिनी, तुम्ही पदरानं पुसल्या. तसं ती म्हणाली नाही. भावाच्या घरात राहायचं तर भावजयीशी वाकडं घेऊन कसं चालेल, असं तिला वाटलं असेल का? तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. गप्प राहूनही तिला राहायला मिळालं नाहीच. बाया तिला पापड-कुरडयांना बोलावेनाशा झाल्या. आत्याबाईंना निमित्त हवंच होतं. आता मालकांनाही उद्यावर ढकलता येईना. पंचमीला लेकी माहेरी येतात. आमची लेक आम्ही पंचमीच्या तोंडावर सासरी धाडली. ओटी मीच भरली.

पुढच्या उन्हाळ्यात मी बरण्या घरावरच्या माळवदावर उन्हात टाकल्या, हाताला चटके बसेपर्यंत तापू दिल्या. लोणचं टिकलं. धंदा चालला, आता सुना बघतात. बचत गटाच्या बाया मला बोलावतात — आजी, अपयशातून तुम्ही काय शिकलात ते सांगा. मी सांगते, पहिला माल सगळा उकिरड्यावर गेला पण जिद्द सोडली नाही. टाळ्या वाजतात. एकदा एका पोरीनं विचारलं, “पण आजी, नासलं कशानं?” मी म्हणाले, “नवशिकी होते, बाळा.” चूक काय झाली ते मी पहिल्याच दिवशी शिकले होते. ते शहाणपण माझ्या कामाला ठेवलं आणि दोष गोदाकडं राहू दिला. गावातल्या म्हाताऱ्या अजून म्हणतात, गोदाच्या हाताला लोणचं सोसत नाही.

गेल्या आठवड्यात गोदा आली होती. नवरा गेला तिचा, तीही सत्तरीला टेकली. दुपारी आम्ही सगळ्याजणी बरण्यांच्या खोलीत होतो. गोदा उंबऱ्याबाहेर बसली. पाळी जाऊन किती वर्षं झाली, तरी बाहेरच.

नातीनं मला विचारलं, “आजी, गोदाआजी आत का येत नाहीत?”

कैऱ्या फोडता फोडता मी म्हणाले, “तिला सवयच आहे तशी.”

“व्हय गं बाई,” बाहेरून गोदा म्हणाली, “सवय हाय मला.”

दोन दिवस राहिली. एका खोलीत झोपलो, सुना-नातवंडांवरून हसलो, तिच्या गुडघ्यांना मी तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी मी तिला फाट्यावर नेऊन एसटीत बसवलं आणि त्या ओल्या बरण्यांचं न काढताच घरी आले.