बोटभर आखूड

मास्तरांना वरून माणसं बघायची सवय लागली, त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, टेलर मास्तर. तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. खुर्चीच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे दिलेले, कारण खाली बसलं की त्यांना उठता येत नसे. त्या उंच आसनावरून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पँटींची यथेच्छ निंदा करत. "हा बघा, कमरेत आवळून घेतलीय नुसती. आणि तो बघा, मागे पोतं लटकवून चाललाय!" ऐकायला घरात कोणी नसलं तरी करत. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि मास्तरांचा डावा खुबा कामातून गेला होता. कोपऱ्यावरचं त्यांचं स्वतःचं दुकान खिडकीतून दिसे, म्हणजे त्याची पाटी दिसे, तीही अर्धी.

दुकान आता मास्तरीणबाई बघत. त्यांची बायको. काजं-बटणं, चेन बदलणं, उंची कमी करणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण कापडाला कात्री लावायची ती मास्तरांनीच. कापड कापायच्या टेबलाशी मास्तरांनी कधी कोणाला उभं राहू दिलं नव्हतं, आणि आता ते स्वतःच उभे राहू शकत नव्हते. नवं कापड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मास्तरीणबाई सांगत, "ऑपरेशन झालं की शिवतील हं." गिऱ्हाईक मान डोलावी आणि कापड उचलून दुसरीकडे जाई. मास्तरांना हे कोणी सांगितलं नव्हतं, पण बायको संध्याकाळी इतक्या लवकर वर येते म्हणजे काय ते कळायला काही लागत नाही.

सगळं सुरू झालं ते गुडघ्यापासून. दुखत होतं गुडघ्यात, म्हणून मास्तरांनी गुडघा दाखवला. मास्तरांनी गुडघा दाखवला, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी गुडघा पाहिला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी गुडघ्याचे फोटो काढायला लावले, गोळ्या दिल्या, पट्टा दिला, शेक सांगितला आणि शेवटी "मास्तर, वय झालं आता" असंही सांगितलं. एवढ्यात दोन-तीन वर्षं निघून गेली. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाऊन बोंब मारतं, हे बिचाऱ्या गुडघ्याला तरी कुठे ठाऊक होतं?

आणि याच काळात मास्तरांच्या पँटीचा डावा पाय जमिनीला लागू लागला.

दुसरा कोणी असता तर त्यानं विचारलं असतं, हे काय झालं? शिंपी नसलेल्या माणसाला कपड्याचा दोष कपड्यात आणि अंगाचा दोष अंगात दिसतो. मास्तरांना मात्र सगळे दोष कपड्यातच दिसत. आपल्या हातून कापताना चूक झाली, या विचारानं ते चपापले. लाज वाटली त्यांना. गिऱ्हाइकांची पँट कधी परत आली नाही आणि स्वतःची वाकडी कापली! त्यांनी गुपचूप खालची शिलाई उसवली, थोडं कापड आत दुमडलं आणि परत टाके घातले. चार-सहा महिन्यांनी पुढची पँट कापताना टेप दोनदा लावला, तरी तीही डावीकडे लोळू लागली. "हल्लीचं कापड ताणलं जातं फार," मास्तर स्वतःशीच म्हणाले आणि तीही दुमडली. काम इतकं सफाईदार, की मास्तर दवाखान्यात उभे राहिले तरी दोन्ही पाय कसे बुटांवर सारखे टेकलेले. डॉक्टरांनाच काय, घरच्यांनाही एक पाय आखूड होत चाललाय हे दिसलं नाही.

दिसलं ते मुलीला, आणि तेही इस्त्री करताना. ती माहेरी आली होती. पँटीचे दोन्ही पाय एकावर एक जुळवून इस्त्री फिरवायला गेली तर खाली जुळेनात.

"बाबा, ही वाकडी कापलीय तुम्ही."

"काय म्हणालीस?" मास्तर एकदम तापले. पोरीनं नाक कापलं असतं तरी चाललं असतं.

तिनं कपाट उघडलं. सगळ्या पँटी पलंगावर शेजारी शेजारी मांडल्या, जुनी आधी, नवी शेवटी. जुन्या पँटीचा डावा पाय जेमतेम नखभर कमी होता. पुढची त्याहून जास्त. शेवटची बोटभर. मुलगी पँटींकडे बघत राहिली, मग बापाकडे. "बाबा, पँट नाही हो. तुम्ही."

इतकी वर्षं लोकांच्या अंगाला टेप लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या अंगाला तो एकदाही लावला नव्हता.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना टेबलावर निजवलं, गुडघ्याला बोटही न लावता मांडी आत वळवली, आणि मास्तर असे ओरडले की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. खुब्यातला गोळा झिजून चेपला होता. सांधा बदलायला हवा. लवकर यायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या, आणि लगेच हेही म्हणाल्या की रांग मोठी आहे, नंबर लागला की फोन येईल. म्हणजे उशीर करायचा हक्क आता त्यांचा! मास्तरांनी एकच विचारलं, "पाय सारखे होतील?" त्या म्हणाल्या, "जवळजवळ सारखे."

तेव्हापासून मास्तर आणि फोन असे दोघंच घरात असत. मोजे बायको घालून देई. खाली पडलेली वस्तू ती येईपर्यंत खालीच राही. एकदा चष्मा पलंगाखाली गेला तर मास्तर दिवसभर तसेच बसले, रस्ता धूसर, माणसं धूसर, कोणाची निंदासुद्धा करता येईना. त्या संध्याकाळी मास्तरीणबाई दार उघडून आत आल्या तर मास्तर रडत होते. चष्म्यासाठी नाही. "मी कोंडला गेलोय गं," ते म्हणाले. "कुलूप नाही काही नाही, दार उघडं आहे, आणि मी कोंडला गेलोय."

आणि मग फोन आला. पुढच्या आठवड्यात भरती व्हा. अंगावर जखम नको, गळू नको, ताप नको, दात दुखायला नको. कुठेही पू असला तर तो नव्या सांध्यात उतरतो. मास्तरीणबाईंनी घरातला सुयांचा डबा उचलून दुकानात नेला आणि बजावलं, "हाताला चैन पडत नाही म्हणून काही शिवत बसाल तर याद राखा!"

मास्तर शिवत बसले नाहीत. शब्दाचे पक्के. पण उसवणं म्हणजे काही शिवणं नव्हे.

पाय सारखे होणार, मग पँटी? कापड त्यांनी कधीच कापून टाकलं नव्हतं, सगळं आत दुमडून ठेवलेलं. नुसते टाके काढायचे की झालं. भर दुपारी, घर रिकामं असताना, मास्तरांनी दाढीच्या डब्यातून जुनं ब्लेड काढलं, एक पँट मांडीवर घेतली आणि टाका टाका उसवू लागले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या हातात काम होतं. ते चक्क गुणगुणत होते. शेवटच्या टाक्याला ब्लेड सटकलं आणि अंगठ्यात नखाच्या कडेला शिरलं. फार नाही. मास्तरांनी अंगठा चोखला, चिंधी बांधली आणि संध्याकाळी भाजी चिरताना लागलं म्हणून सांगितलं. मास्तर आणि भाजी! मास्तरीणबाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण त्या पिशवी भरण्यात गुंतल्या होत्या.

भरतीच्या सकाळी अंगठा ठणकत होता. मास्तरांनी ती उसवलेली पँटच घातली. डावा पाय बुटावरून खाली लोळत होता.

"अहो, पँट लोळतेय."

"जाताना लोळू दे," मास्तर म्हणाले. "येताना नाही लोळणार."

मुलीनं आणि शेजाऱ्यांनी मिळून त्यांना खाली उतरवलं. हॉस्पिटलात नर्सनं नाव विचारलं, नाडी पाहिली आणि बोटाला ऑक्सिजन बघायचा चिमटा लावायला हात पालथा केला. मास्तर अंगठा मुठीत लपवू लागले. "बघू," ती म्हणाली. चिंधी सुटली. खाली अंगठा लालभडक, नखाशी पिवळा. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आज नाही करता येणार. हे पूर्ण बरं होऊ दे, मग कळवा. पुन्हा नंबर लावू." नंबर कधी लागेल, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांच्या पलंगावर एवढ्यातच दुसऱ्या कोणाला आणून बसवलं होतं.

परत येताना टॅक्सीत मास्तर एवढंच म्हणाले, "पँट उसवत होतो." मुलीनं तोंड फिरवून बाहेर पाहिलं. मास्तरीणबाईंनी त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि सोडला नाही.

जिना चढताना मुलगी पिशवी घेऊन पुढे दार उघडायला गेली. पहिला मजला गेला. दुसऱ्याला लोळणारं कापड टाचेखाली आलं, मास्तरांचा तोल गेला आणि त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. खुब्यातून कळ निघाली ती डोक्यापर्यंत. वर जाता येईना, खाली उतरता येईना. ते घाम पुसायलाही हात सोडू शकत नव्हते.

मास्तरीणबाई त्यांच्या पायाशी पायरीवर बसल्या. पर्समध्ये दुकानातला सुई-दोरा असतोच, तो त्यांनी काढला. पँटीचं कापड आत दुमडलं, अगदी पूर्वीच्याच घडीवर, आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

दुकानात मास्तरांचा एक कडक नियम होता आणि तो त्यांनीच बायकोला शिकवला होता. टाका घातला की माप ठरलं. गिऱ्हाईक अजून ट्रायलला यायचं असेल, तर नुसती पिन.

"टाका नको घालूस," मास्तर वरून म्हणाले. "पिन लाव."