आत्याच्या चार पिशव्या

माझी आत्या अठरा वर्षं उभी आहे. जेवायला बसते, बाबांशी भांडायलाही बसते. पण कामाची सगळी वर्षं तिने भरतकामाच्या बारा डोक्यांच्या मशीनसमोर उभं राहूनच काढली. बारा डोकी म्हणजे एकाच वेळी बारा ठिकाणी सुया चालतात, आणि कुठला दोरा कधी तुटेल याचा नेम नसतो. तुटला की धावायचं, ओवायचं, पुन्हा चालू करायचं. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी हात टेकले.

डॉक्टर म्हणाले, "उभं राहायचं काम बंद करा, नाहीतर काठी घ्यावी लागेल."

"एका हातात काठी धरली तर दोरा कसा ओवू?" आत्याने त्यांनाच विचारलं.

कारखान्यात बसून करायचं काम एकच होतं, नमुन्यांच्या खोलीतलं. तिथे एका सुईचं लहान मशीन आहे, खिडकी आहे आणि खुर्ची आहे. तिथला कारागीर सोडून गेला, तेव्हा मालकीणबाईंनी आत्याला बोलावलं. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. त्या म्हणाल्या, "सोमवारी गिऱ्हाईक येतंय. जाळीची कॉलर आणि दोन कफ करून दाखवा. जमलं तर खोली तुमची. नाही जमलं तर मला बाहेरून माणूस आणावा लागेल." बाहेरून माणूस आला असता तर आत्याला घरी बसावं लागलं असतं. मोठ्या मशीनवर उभं राहणं आता तिच्याच्यानं होत नव्हतं.

भरतकाम करताना कापड गोळा होऊ नये म्हणून त्याच्याखाली कागदासारखा एक थर लावतात. त्याला बॅकिंग म्हणतात. एक प्रकार काम झाल्यावर फाडून काढतात, दुसरा कडेने कापतात, तिसरा पाण्यात विरघळतो. जाळीला हा तिसराच लागतो, कारण जाळीखाली कापड नसतंच. बॅकिंगवर नुसता दोरा विणत जायचा आणि शेवटी सगळं पाण्यात बुडवायचं. बॅकिंग जातं, जाळी उरते.

या बॅकिंगचे उरलेले तुकडे आत्याने कधी टाकले नाहीत. सुपरवायझर तिला 'चिंधीबाई' म्हणायचा. ती म्हणायची, "खिशावरचं चिन्ह बोटभर, बॅकिंग हातभर. उरलेलं काय तुमच्या डोक्यावर बांधू?" मग दोन तुकडे एकमेकांवर चढवून तिसऱ्या खिशाचं काम काढायची. कापायच्या बॅकिंगचे तुकडे लहान मुलांच्या कपड्यांत भरतकामाच्या मागे लावायची, म्हणजे टाके अंगाला टोचत नाहीत. फाडायचं बॅकिंग माझ्या वाट्याला यायचं. त्यातून खालची रेघ दिसते. मी त्यावर चित्रं गिरवली, मग नकाशे, मग गिअरच्या आकृत्या. डिप्लोमाच्या प्रवेशाच्या दिवशी बाबा म्हणाले होते, "हिला यंत्रांचं वेड कुठून लागलं कळत नाही." मला कळत होतं.

तर अशी ही माझी आत्या, आणि तिच्या कामावर मी पाणी ओतलं.

कॉलर करायच्या आदल्या आठवड्यात मी तिला मदत करायला गेले. तिच्या चार पिशव्या होत्या. तीन प्रकारच्या तीन, आणि विरघळणाऱ्या बॅकिंगच्या चुऱ्याची चौथी. मी एका प्रयोगशाळेत मालाची तपासणी करते, त्यामुळे अंगात जरा जास्तच शिस्त भिनलेली. मी मायक्रोमीटर काढला आणि तुकड्यांची जाडी मोजायला बसले. दोन पिशव्यांतला माल दिसायला सारखा, पांढरा, आणि जाडीही तंतोतंत तीच. मी त्यातला एक तुकडा पाण्यात टाकला. तो विरघळला. मी दोन्ही पिशव्या एकत्र केल्या आणि वर झोकात चिठ्ठी लावली: 'विरघळणारं'.

"चार होत्या ना? तीनच कशा गं?" आत्याने विचारलं.

"गरजच नव्हती. एकच माल दोन ठिकाणी ठेवला होतास."

"असेल बाई. शिकलेल्या माणसाने लावलंय म्हणजे बरोबरच असणार."

एक तुकडा तपासून अख्ख्या ढिगाला पास करायचं नाही, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात.

रविवारी मॅडमनी आत्याला खोलीची किल्ली दिली. मीही सोबत गेले. विरघळणाऱ्या बॅकिंगचा रोल संपत आला होता, नवा बुधवारी येणार होता. उरलेल्यात कॉलर बसली. कफांसाठी आत्याने पिशवीतले तुकडे घेतले, कडांना ओलं बोट लावून एकमेकांना चिकटवले आणि काही ठिकाणी वरून टाके मारले. सकाळी दहा वाजेपर्यंत तिन्ही नग तयार होते. कोमट पाण्यात कॉलर घातली, अगदी सुरेख सुटली. डावा कफ सुटला. उजव्या कफाच्या मधोमध तळहाताएवढा पांढरा डाग राहिला. पाणी बदललं, गरम घेतलं, चोळलं. तो काही हलेना.

"हट्टी दिसतोय," मी म्हणाले. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

आत्याने पिशवीतला एक तुकडा काढला, जिभेला लावला, बोटांत चोळला. मग दुसरा. मग तिसरा.

"हे फाडायचं आहे गं," ती म्हणाली. "तुझ्या त्या यंत्राला जीभ नसते का?"

मला रडू फुटलं. ती स्टुलावर बसली, गुडघा दाबत राहिली. चिमट्याने डाग कोरून पाहिला, पण दाट टाक्यांत अडकलेले धागे निघेनात. पिशवीत आता विरघळणारे म्हणावे असे मोठे तुकडे चारसुद्धा उरले नव्हते.

"चुरा आहे," ती म्हणाली. "पण पाण्यात विरघळवून त्याची मी फक्त खळ करते, लुळं कापड ताठ करायला. चुऱ्यावर कसली जाळी विणणार?"

"खळ उरली की तिचं काय होतं?"

"काय व्हायचंय! ताटाला पापुद्रा धरतो. नखाने सोलत बसा. डोक्याला ताप."

मी डोळे पुसले. "आत्या, तो पापुद्रा म्हणजे बॅकिंगच की! तोच हवाय आपल्याला!"

तिने चुऱ्याची पिशवी माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाली, "आधी चुरा तपास. एकेक. आणि यंत्र घरी ठेव."

मी ओल्या बोटाने कण अन् कण तपासला. चिकट लागला तो आत, कोरडा राहिला तो बाहेर. आत्याने अंदाजाने पाणी घालून दाट खळ केली. फाइलचं प्लॅस्टिकचं आवरण गच्चीवर उन्हात ठेवलं, मोबाईलवर पातळी बघून मी त्याच्याखाली कागदाच्या घड्या सरकवल्या, आणि तिने खळ ओतून पट्टीने पसरली. पहिल्या थरात बुडबुडे आले. ते तिने सुईने फोडले आणि वर दुसरा थर दिला. दुपारी तीनला पापुद्रा सुटला. एक कोपरा तडकला, पण कफापुरतं धड होतं. मशीनचा वेग निम्म्यावर आणून तिने उजवा कफ पुन्हा केला. मी श्वास रोखून उभी होते.

"घे गं श्वास," ती न बघताच म्हणाली. "पापुद्रा तुझ्या फुंकरीने फाटणार नाही."

पाण्यात घातल्यावर तो कफ डाव्यापेक्षाही लवकर सुटला.

सोमवारी गिऱ्हाइकाने तिन्ही नग पसंत केले. ते गेल्यावर मॅडमनी कफ उजेडात धरले. "हा उजवा जरा ताठ आहे. का?" दुसऱ्या कुणी थाप मारली असती. आत्याने सगळं सांगितलं. खळ पूर्ण धुतली गेली नाही हे सांगितलं, पापुद्रा सांगितला, बिघडलेला कफही पिशवीतून काढून समोर ठेवला. म्हणाली, "पिशव्या लावताना आमची चूक झाली."

हे मला कळलं तेव्हा मी विचारलं, "आमची? चूक तर माझी होती."

"पिशवीत हात कुणी घातला? मी. जीभ मला नव्हती?"

तिने मला आजवर खूप काही दिलं. पण त्या एका 'आमची' शब्दाचे आभार कसे मानायचे, ते मला अजून सुचलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मॅडमनी बिघडलेला कफ ठेवून घेतला, नव्या मुलींना दाखवायला. खोलीची किल्ली मात्र परत मागितली नाही. मंगळवारी दुपारी मी न राहवून प्रयोगशाळेतून फोन लावला. "बसलीस का?"

"बसले गं," आत्या म्हणाली. "सवयीने दोनदा उठले, पण बसले."